पुन्हा उगवलेला खवला

१

माशाचं वय माशाला विचारता येत नाही, म्हणून ते खवल्याला विचारायचं, असं सर केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुणे हसत. बाई हसत नसत, कारण हा विनोद त्या लग्नाआधीपासून ऐकत आल्या होत्या.

नदीकाठच्या त्या मत्स्यकेंद्रात कामाच्या खोल्या दोनच. एकीत बाई बसत, दुसरीत त्यांचे यजमान, ज्यांना सगळे सर म्हणत. मधे भिंत, भिंतीत हात जाईल एवढी खिडकी, आणि खिडकीतून काचपट्ट्यांची ये-जा. नावाडी मासे पकडायचा, त्यांची लांबी मोजायचा, पाठीवरच्या पराखालचे थोडे खवले बोथट सुरीनं काढून घ्यायचा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. खवले धुऊन दोन काचांमध्ये दाबले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले की त्यांच्यावर वर्तुळात वर्तुळं दिसत. उन्हाळ्यात मासा खाऊन पिऊन वाढतो, तेव्हा वर्तुळं ऐसपैस पडतात. थंडीत वाढ खुंटते, तेव्हा ती एकमेकांना बिलगून दाट होतात. एक दाट पट्टा म्हणजे एक हिवाळा. पट्टे मोजले की वय कळतं, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं की त्या वर्षी मासा किती वाढला तेही कळतं. पण खवले कधी कधी थापा मारतात, म्हणून वाचणारे दोघं लागतात.

त्यांचे नियम कडक होते. मासा केवढा होता, कुठे सापडला, हे वाचणाऱ्याला कळू द्यायचं नाही. दोघांनी आपापल्या खोलीत वाचायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि खिडकीत दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. आकडे जुळले नाहीत तर दोघांनी एकाच सूक्ष्मदर्शकाशी शेजारी बसून पुन्हा बघायचं. तरुणपणी त्यांचे आकडे वरचेवर जुळेनासे झाले, आणि त्यातूनच लग्न जुळलं. सर म्हणत की ते मुद्दाम चुकत होते. बाई म्हणत की मुद्दाम काही नव्हतं, त्यांना खरंच मोजता येत नव्हतं.

आणि एक प्रकार होता बाद खवल्यांचा. खवला खरचटून पडला तर त्या जागी दुसरा उगवतो. तो फार घाईनं उगवतो. शेजाऱ्यांच्या मापाचा होईपर्यंत त्याला दम नसतो, आणि त्या घाईत त्याच्यावर वर्तुळं उमटायची राहून जातात. माशाच्या अंगावर पाहिलं तर तो इतरांसारखाच, पण भिंगाखाली धरला की मधे कोरा. उगवल्यानंतरचे हिवाळे तेवढे कडेला दिसतात, त्याआधीचे पुसल्यासारखे. अशा खवल्याला वय द्यायचं नाही, चिठ्ठीवर फुली मारायची आणि तो बाद डब्यात टाकायचा.

गेल्या हिवाळ्यात सर नावेतून नदीत पडले. त्या दुपारी घडलेलं काही बाईंना नीट आठवत नव्हतं. ओल्या कपड्यांतले सर फाटकातून चालत येताना दिसले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला, एवढंच आठवत होतं. तेव्हापासून रोज सकाळी पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला की त्यांना बरं वाटायचं. देवानं परत दिलेल्या माणसाची झडती घ्यायची नसते, असं त्या मनाशी म्हणत.

२

उन्हाळ्याच्या अखेरीस नदी उतरली तेव्हा खवल्यांची एक नवी खेप आली. बाईंनी पहिली काच लावली. कोरा मध्य. चिठ्ठीवर फुली मारून त्यांनी दुसरी लावली, तीही कोरी. तिसरी, चौथी, सगळी रांगच तशी निघाली. एका माशाचे दोनचार खवले बाद निघणं रोजचंच होतं. सगळ्या माशांचे सगळेच खवले बाद, हे कधी झालं नव्हतं.

खिडकीत चिठ्ठ्या उलटल्या. सरांच्याही सगळ्यांवर फुल्याच.

"आज फारच पटतंय आपलं," सर पलीकडून म्हणाले. "भांडायला काही ठेवलंच नाहीस."

बाई हसल्या, पण मनात पाल चुकचुकली. त्या तशाच उठून धक्क्यावर गेल्या. नावाडी जाळं वाळत घालत होता. केंद्रात तो या दोघांच्याही आधीपासून होता, आणि बाई त्याला दादा म्हणत.

"दादा, खवले हल्ली शेपटीजवळून काढता की काय?"

"नाही हो बाई. पराच्या खालूनच. इतकी वर्षं काय झोपा काढल्या मी?"

"मग सगळे बाद कसे निघाले?"

"वळणावरच्या डोहातले आहेत. वरच्या ऑफिसनं सांगितलं, तिथलेही घ्या. नाहीतर मी त्या डोहात जाळं टाकत नाही."

"का बरं?"

नावाड्यानं जाळ्यातला एक काटा सोडवला आणि उगाच पुन्हा अडकवला. "सर तिथेच पडले होते ना."

"ते पडले म्हणून डोह वाईट झाला?"

"तसं नाही बाई. मी बुड्या मारून मारून दमलो होतो. हातातला चहा गार व्हावा एवढा वेळ गेला. माणूस काही एवढा वेळ पाण्याखाली राहत नाही. वर येऊन बघतो तर पलीकडच्या खडकावर सर बसलेले. मला म्हणाले, 'तुम्ही कोण?'"

"गारठले असतील. डोकं काम करत नाही तेव्हा."

"मीही तेच म्हटलं. मग हसले ते, चांगलं हसले. म्हटलं, कशाला बाईंना सांगायचं."

बाईंनी मान हलवली आणि त्या परत आल्या. पलीकडच्या खोलीत सर शीळ घालत होते. शीळ गोड होती. पाण्यात पडण्याआधी सरांना शीळ येत नव्हती, हे बाईंच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

३

खरं सांगायचं तर पडल्यापासून सर सुधारले होते. पूर्वी त्यांना चष्मा कुठे ठेवला ते आठवायचं नाही, दूध आणायला पाठवलं तर ते पिशवी हरवून यायचे. आता बाईंचाही चष्मा तेच शोधून देत. जेवताना दुपारी पाहिलेल्या काचपट्टीबद्दल बाई काय म्हणाल्या होत्या ते शब्दन्शब्द सांगत. दुपारी खुर्चीत डुलकी घेताना घोरत नसत. एकदा बाई दारातून बघत उभ्या राहिल्या होत्या. छाती वरखाली होत होती, पण श्वासाचा आवाज काही येत नव्हता. तेवढ्यात सरांनी डोळे उघडून "काय गं?" असं इतक्या मायेनं विचारलं की बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

खांद्याची कातडी मात्र कोरडी पडून सुटत होती. डॉक्टर म्हणाले, थंड पाण्याचा परिणाम आहे, तेल लावा. बाई रोज संध्याकाळी तेल लावत. सर मान खाली घालून लहान मुलासारखे बसत.

एक गोष्ट मात्र गेली होती. सरांच्या लहानपणी मामांच्या सायकलवर मागे बसून, मांडीवर रंगाचा उघडा डबा धरून येताना ते धाडकन पडले होते. गल्ली, मामा आणि शेजाऱ्यांचं कुत्रं, सगळे रंगले होते. ही हकीकत सरांनी इतक्या वेळा सांगितली होती की बाई न ऐकता हुंकार द्यायला शिकल्या होत्या. पाहुणे आले की रंगाचा डबा निघायचाच. तो डबा हिवाळ्यापासून निघाला नव्हता. आणि तो कंटाळवाणा डबा कधी निघतो याची आपण वाट बघतोय, हे बाईंना कळलं तेव्हा त्यांना रडूच आलं.

त्या संध्याकाळी तेल लावता लावता त्यांनीच विषय काढला. "रंगाचा डबा घेऊन तू मामांच्या सायकलवर बसला होतास ना..."

सर ऐकत राहिले. बाईंनी सगळी गोष्ट सांगितली. रंग कुठला होता ते त्यांना नेमकं आठवेना, इतकी वर्षं न ऐकता ऐकल्याचं ते फळ. त्यांनी हिरवा म्हणून ठोकून दिलं. कुत्रं हिरवं झालं तिथे सर खळखळून हसले.

"मग?" त्यांनी विचारलं. "मग काय झालं?"

बाईंचा हात खांद्यावर तसाच राहिला.

४

पुढच्या रविवारी नणंदेचा फोन आला. सरांची ही धाकटी बहीण दूरच्या गावी असायची आणि फोनवर आधी दादाशी, म्हणजे सरांशी, भांडायची, मग वहिनीशी बोलायची.

"वहिनी, दादाला झालंय काय?"

"काय झालं?"

"आज स्वतःहून रंगाच्या डब्याची गोष्ट सांगत होता मला. मला. मी तिथे होते हो, माझा फ्रॉक खराब झाला होता. आणि म्हणे हिरवा रंग. निळा होता. आईनं तो फ्रॉक कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. मी म्हटलं निळा, तर म्हणतो, असेल बाई, वहिनीला विचार."

"विसरतो माणूस."

"दादा हे नाही विसरणार. बाकी सगळं विसरेल. पण प्रेमानं बोलला हं. अर्धा तास बोलला. एवढा कधी बोलतो तो माझ्याशी?"

फोन ठेवून बाई खिडकीपाशी बसल्या. बुद्धी शाबूत असलेल्या बाईनं जसा विचार करावा तसा त्यांनी केला. थंड पाणी, धक्का, मेंदूला कमी पडलेली हवा. स्मृती जाते, पुस्तकांत आहे. जुनी जाते आणि नवी राहते असंही होत असेल, डॉक्टरांना विचारायला हवं. आणि माशांचं काय, डोहाच्या कपारी धारदार असतील, पुरात मासे खरचटत असतील. दोन गोष्टी शेजारी घडल्या म्हणून त्यांचं नातं लावायचं नसतं, हे तर त्या स्वतः नव्या मुलांना शिकवत.

पण खरचटलं तर कडेचे थोडे खवले जातील. सगळ्या माशांचे सगळे कसे जातील?

ताडून बघायचा एक उपाय होता. माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत, साखरेच्या दाण्याएवढा खडा असतो. त्याच्यावरही हिवाळ्यांच्या रेघा पडतात. फरक एवढाच, की खडा खरचटत नाही, पडत नाही, पुन्हा उगवत नाही. माशाचा जन्म झाल्यापासून तोच एक खडा असतो आणि तो थाप मारत नाही. पण त्यासाठी मासा मारावा लागतो, म्हणून बाई ते काम टाळत.

त्यांनी नावाड्याला डोहातले काही मासे ठेवून घ्यायला सांगितलं.

५

सर डॉक्टरांकडे गेले होते ती सकाळ बाईंनी निवडली. नवऱ्यापासून लपवून त्यांनी आयुष्यात हे एकच वाचन केलं. खडा मधोमध तोडायचा, मेणबत्तीच्या ज्योतीवर जरासा भाजायचा, म्हणजे रेघा तपकिरी होऊन उठून दिसतात. पहिला खडा ज्योतीवर जास्त वेळ राहिला आणि जळून काळा झाला.

दुसरा नीट भाजला गेला. बाईंनी भिंगाला डोळा लावला.

मधे काही नव्हतं. जिथून मासा सुरू होतो, जिथे पहिल्या हिवाळ्याची रेघ हवी, तिथे गुळगुळीत कोरी जागा होती, जवळजवळ कडेपर्यंत. कडेला तीन रेघा. पुढच्या खड्यात पाच. त्यापुढच्यात एकच. हातभर लांबीचा मासा, आणि एकच हिवाळा.

म्हणजे खवले पडून नवे आले होते असं नव्हतं. नवा आला होता तो मासाच. अख्खा, मापानं बरोबर, घाईघाईनं उगवलेला, कुणाच्या तरी जागी.

बाईंनी ज्योत विझवली. बाहेर नदीचा आवाज नेहमीसारखा येत होता. नमुना लहान आहे, त्या स्वतःशी मोठ्यानं म्हणाल्या. एवढ्याशा माशांवरून काही ठरवता येत नाही. खोलीत त्यांचाच आवाज त्यांना परका वाटला. मग त्या धक्क्यावर गेल्या आणि नावाड्याला म्हणाल्या, "दादा, मोठं जाळं लावा डोहात. तळापर्यंत जाऊ द्या. पुष्कळ मासे हवेत मला."

"तळापर्यंत?"

"पाणी उतरलंय ना, लागेल तळ."

नावाड्यानं जाळं खांद्यावर टाकलं.

६

"मेणबत्तीचा वास येतोय," परत आलेले सर दारातून म्हणाले. "खडे भाजलेस आणि मला हाक नाही मारलीस?"

"सहज बघत होते."

"पहिला वाचक सहज बघायला लागला की दुसऱ्याची नोकरी गेली." ते हसले आणि आपल्या खोलीत गेले. खुर्ची सरकली. मग बराच वेळ शीळ आली नाही.

थोड्या वेळानं खिडकीतून एक काचपट्टी आली. तिच्यावर नंबर नव्हता.

"कशाची आहे?" बाईंनी विचारलं.

"कधीपासून विचारायला लागलीस? वाच."

बाईंनी पट्टी लावली. काचांमध्ये पातळ, पारदर्शक असं काहीतरी होतं. खवल्याइतकं जाड नव्हतं. कडा मऊ होत्या. त्याला तेलाचा किंचित वास होता, आणि तो वास बाईंच्या बोटांना रोजचा होता.

माणसाच्या कातडीवर हिवाळे उमटत नाहीत. बाईंना हे माहीत होतं, कुणालाही माहीत असतं. त्यांनी भिंग फिरवून चित्र स्पष्ट केलं. मधे गुळगुळीत कोरं मैदान होतं. अगदी कडेला एक दाट पट्टा. त्याच्या बाहेर नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्याची वर्तुळं, ऐसपैस, सुखात वाढलेली.

त्या वर्तुळांकडे बाई बघत राहिल्या. हा उन्हाळा त्यांच्याबरोबर गेला होता. रोज संध्याकाळी तेल, जेवताना गप्पा, शोधून दिलेला चष्मा. कुणीतरी इतकं सुखात वाढलं होतं आणि ते आपल्या घरात वाढलं होतं, हे त्यांना त्या काचेवर दिसत होतं. भीती वाटत होती आणि त्याच वेळी मायाही दाटून आली होती.

"झालं?" पलीकडून आवाज आला. "मी माझी चिठ्ठी ठेवलीय."

बाईंनी चिठ्ठी लिहिली. दोघांनी एकदम उलटली.

सरांच्या चिठ्ठीवर फुली होती. बाईंच्या चिठ्ठीवर अठ्ठावन्न, सरांचं वय, दाखल्यावरचं.

सर त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग ते उठले, फिरून बाईंच्या खोलीत आले आणि स्टूल ओढून शेजारी बसले. "खोटं वाचलंस," ते हळूच म्हणाले. "मलाही वाचता येतं गं. ते कसं येतं, कुणी शिकवलं, ते आठवत नाही, पण येतं. खडकावर डोळे उघडले, त्याच्या आधी काही नाही. घर कुठे ते पायांना माहीत होतं. तुला बघितलं आणि वाटलं, इथे राहू दिलं तर बरं होईल."

बाईंनी खिडकीतली आपली चिठ्ठी उचलून हातात घेतली.

"नियम आहे," सर म्हणाले. "जुळलं नाही तर एकत्र बसून बघायचं. तू म्हणशील ते."

"नको," बाई म्हणाल्या. "माझा आकडा धर."

७

धक्क्याकडून पावलं आली. नावाडी दारात उभा राहिला, कोपरापर्यंत भिजलेला. त्यानं सरांकडे पाहिलं आणि पटकन नजर बाईंकडे वळवली.

"बाई, जाळं अडकलंय डोहात."

"कपारीत?"

"नाही. तळाला काहीतरी आलंय जाळ्यात. जड आहे. मासा असता तर ओढ दिली असती, हे नुसतंच जड आहे. थोडं वर येतं आणि..." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "मी एकटा नाही काढत, बाई. दोघंचौघं बोलावतो. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. काढायचं ना?"

सर उठून मोरीपाशी गेले, त्यांनी नळ सोडला आणि ती काचपट्टी धुऊ लागले. त्यांची पाठ बाईंकडे होती. खांदे अगदी स्थिर होते. ते मागे वळले नाहीत, आणि काही सुचवण्याचा त्यांचा इरादाही नव्हता. सगळं त्यांनी बाईंवर सोडलं होतं.

बाईंना डोहाचा तळ दिसला. तिथे एक अख्खा हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा कुणीतरी त्यांची वाट बघत पडलं होतं, चष्मा हरवणारं, पिशवी विसरणारं, घोरणारं. त्याला वर आणलं असतं तर त्याला मूठमाती मिळाली असती, त्याच्या नावानं चार माणसं रडली असती, बहीण धावत आली असती. त्याचा तेवढा हक्क होता. आणि मग हा, मोरीपाशी उभा असलेला, नळाचं पाणी बारीक करून काच धुणारा, याला कुठे ठेवायचं? कुठल्या डब्यात?

"कापून टाका," बाई म्हणाल्या.

"काय?"

"जाळं. कापून टाका, दादा."

"बाई, नवं जाळं आहे."

"माहीत आहे मला. कापा. आणि पुन्हा त्या डोहात काही टाकू नका. वर मी कळवते, तिथले खवले वाचता येत नाहीत म्हणून."

नावाड्यानं कमरेची सुरी चाचपली आणि तो धक्क्याकडे गेला. नाव सुटल्याचा आवाज आला, वल्ह्यांचा आवाज आला, आणि मग वळणापलीकडे काही ऐकू येईनासं झालं.

तेव्हा बाई खुर्चीत बसल्या आणि गेलेल्या नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, पदराचं भान न ठेवता. सरांनी हात पुसले, ते येऊन शेजारी बसले, आणि त्यांचं रडून होईपर्यंत पाठीवरून हात फिरवत राहिले.